दम लागतोय? एकदा किडनीपण बघून घ्या

आमच्याकडं परभणी-हिंगोलीत कुणाला दम लागला की पहिला संशय दम्यावर, नाहीतर हार्टवर. किडनीचं नाव कुणी काढत नाही, कारण किडनी म्हणलं की डोक्यात येतं लघवी आणि मुतखडा, बस. शुगर-बीपी जुनं असेल आणि दम वाढत चालला असेल तर एक्सरेसोबत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की साठणारा कचरा) आणि लघवीतलं प्रोटीनपण तपासून घ्यायला पाहिजे, खर्च काही फार नाही.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळतात, त्यातलं दीड-दोन लिटरच लघवीवाटे जातं, बाकी सगळं परत रक्तात. हे काम मंदावलं की मीठ-पाणी अंगात साठतं, आधी पायावर सूज येते, मग रक्तवाहिन्यांतला दाब वाढून तेच पाणी फुफ्फुसात झिरपतं, कधी फुफ्फुसाच्या आवरणातही भरतं. आडवं झालं की पायातलं पाणी छातीकडं सरकतं, म्हणून पेशंट रात्री गुदमरून उठून बसतो. घरचे म्हणतात वय झालं!

ॲसिडची भानगड मला सगळ्यात भारी वाटते. शरीरात रोज तयार होणारं ॲसिड किडनीला बाहेर टाकता येईना की मेंदू फुफ्फुसाला कामाला लावतो, खोल श्वास घे, जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर काढ, तेवढंच ॲसिड कमी. म्हणजे फुफ्फुस चांगलं, बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन 98, तरी माणूस धापा टाकतोय आणि घरचे चक्रावलेत. असा खोल श्वास जर्मन डॉक्टर आडॉल्फ कुसमाउल यांनी 1874 साली शुगरच्या पेशंटमधे नोंदवला होता, ॲसिड वाढायचं कारण वेगळं पण श्वास तोच.

त्यात रक्तपण कमी होतं. रक्त बनवा असा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन मुख्यतः किडनीच तयार करते, ते घटलं की हिमोग्लोबिन उतरतं आणि दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी बऱ्याचदा भागत नाही, त्या हार्मोनचं इंजेक्शन लागतं.

डायलिसिसवाल्यांचं अजून अवघड. लघवी जवळजवळ बंद, बाहेर मे महिन्यातलं नांदेडचं ऊन, ताटात ठेचा, पापड, लोणचं, मग तहान लागणारच, आणि प्यालेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं. म्हणून मशीनला लावायच्या आधी वजन करतात, दोन दिवसात तीन किलो वाढलं असेल तर ते जवळपास तीन लिटर पाणीच असतं.