कार्पल टनेल सिंड्रोमच्या निदानातील सोनोग्राफी

मनगटात 'नस दबली' आहे का, हे ध्वनिलहरींच्या साह्याने प्रत्यक्ष पाहण्याची आणि मोजण्याची पद्धत. इथली 'नस' म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर मीडियन नर्व्ह हा मज्जातंतू. मनगटाच्या हाडांची कमान आणि तिच्यावर ताणून बसलेला जाड पट्टा यांच्यामधल्या बोगद्यातून, म्हणजेच कार्पल टनेलमधून, ही नर्व्ह बोटे वळवणाऱ्या नऊ कंडरांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) गर्दीत वाट काढते. बोगद्यात दाब वाढला की चिवट कंडरा निभावून नेतात, नर्व्हला ते जमत नाही. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. रात्री झोपमोड होऊन हात झटकावा लागतो. करंगळी बहुधा सुटते, आणि रुग्णाला विचारण्याजोगा पहिला प्रश्न तोच.

दबलेली नर्व्ह बारीक दिसेल अशी अपेक्षा असते, पण मोजमाप नेमके उलट घेतात. बोगद्याच्या आत ती चपटी होते खरी, मात्र बोगद्यात शिरण्याच्या जागी फुगते. पाण्याची नळी चिमटीत धरली की चिमटीच्या मागे फुगावी तशी. शिरतानाची सूज, आतला चपटेपणा आणि तळव्याच्या बाजूला बाक आलेला पट्टा ही तीन लक्षणे ऑस्ट्रियातील बुखबर्गर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. त्यांतली सूज सर्वांत भरवशाची ठरली.

तपासणीत हात तळवा वर करून, बोटे सैल सोडून ठेवतात. सहसा १२ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारतेचा सपाट प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे, हातात धरायचे उपकरण) मनगटाच्या घडीवर आडवा टेकवतात. निरोगी नर्व्ह पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखी दिसते: काळपट ठिपके आणि त्यांच्यामध्ये पांढरी जाळी. शेजारच्या कंडरांशी गल्लत होण्याची भीती असते. अशा वेळी प्रोब किंचित कलता केला की कंडरा एकदम काळवंडतात, नर्व्हच्या रूपात मात्र तितका फरक पडत नाही. ओळख पटली की चित्र थांबवून नर्व्हभोवतीच्या पांढऱ्या कडेच्या आतून रेघ फिरवतात आणि छेदाचे क्षेत्रफळ काढतात. कड धरली तर आकडा उगाच वाढतो. प्रोब दाबून धरला तर नर्व्हचा आकारच बदलतो. हात हलका हवा.

क्षेत्रफळ साधारण १० चौरस मिलिमीटरच्या पुढे गेले की शंका बळावते. पण ही लक्ष्मणरेषा नव्हे. वेगवेगळ्या अभ्यासांत ती ८.५ पासून १५ पर्यंत सरकते, कारण यंत्र, मोजण्याची जागा आणि रुग्णाची शरीरयष्टी सारखी नसते. म्हणून त्याच हाताची त्याच हाताशी तुलना करणे अधिक शहाणपणाचे. मनगटावरचे क्षेत्रफळ सुमारे १२ सेंटिमीटर मागे, कोपराच्या दिशेने मोजलेल्या क्षेत्रफळाच्या १.४ पट किंवा अधिक भरले, तर सूज स्थानिक आहे असे धरतात. मधुमेहात नर्व्ह ठिकठिकाणी जाड असू शकते. तिथे ही तुलना विशेष कामाची. अमेरिकेतील मज्जातंतू व स्नायुविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये मनगटावरील क्षेत्रफळ ही अचूक निदानचाचणी असल्याचे मान्य केले.

विजेचे हलके झटके देऊन केली जाणारी नर्व्ह कंडक्शन तपासणी यामुळे बाद होत नाही. नर्व्ह संदेश किती वेगाने नेते हे ती सांगते. सोनोग्राफी फक्त रूप दाखवते. सुजलेली नर्व्ह काम नीट करत असू शकते, आणि उलटही घडते. सोनोग्राफी वेदनारहित असते, शिवाय झटक्यांच्या तपासणीत न कळणारे कारणही दाखवते: गँग्लिऑनची (द्रवाने भरलेली) गाठ, कंडरांभोवतीची सूज, बोगद्यात घुसलेला जादा स्नायू. काहींची नर्व्ह जन्मतः दुभंगलेली असते आणि तिच्या सोबतीला एक जादा रोहिणीही असू शकते. शस्त्रक्रियेआधी हे कळलेले बरे. दुभंगलेल्या नर्व्हच्या दोन्ही फाट्यांचे क्षेत्रफळ मोजून बेरीज करावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर त्रास थांबला तरी नर्व्ह पूर्ववत बारीक होतेच असे नाही. त्या टप्प्यावर १० चा आकडा लावला तर बऱ्या झालेल्या हातालाही आजारी ठरवले जाईल. तुलना करायची ती शस्त्रक्रियेपूर्वीच्या मापाशी.