मख्ख चेहऱ्याची पार्श्वभूमी

दहाव्याच्या घाटावर कोरड्या डोळ्यांनी उभा असलेला मुलगा लोकांच्या लक्षात राहतो. आईच्या पिंडाला कावळा शिवेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, हे पुढे वर्षानुवर्षं नात्यागोत्यात सांगितलं जातं. त्यानंतर कित्येक महिने त्याने आईच्या चपला दारातून हलवू दिल्या नाहीत, हे कुणी सांगत नाही. ते पाहायला कुणी थांबलेलंच नसतं. अशा चेहऱ्यासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही: मख्ख, ढिम्म, घुम्या, कोरडा, शिष्ट. नजर खाली गेली की मनात काहीतरी काळंबेरं. चेहरा हा मनाचा आरसा, ही समजूत आपल्यात इतकी मुरलेली आहे की आरशात काही दिसलं नाही तर मनातच काही नाही, असं आपण धरून चालतो.

ऑटिस्टिक, म्हणजे माणसांशी बोलण्या-वागण्याची घडणच जन्मतः वेगळी असलेल्या प्रौढांना या समजुतीचा फटका ऑफिसात, लग्नाच्या बोलणीत, दवाखान्यात, पोलीस चौकीत, सगळीकडे बसतो. आणि ही समजूत फक्त शेजाऱ्यापाजाऱ्यांची नाही. मानसशास्त्रानेही ती सत्तरेक वर्षं सांभाळली.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हा शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी. बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःत गुंतून राहणं, असा त्याचा अर्थ. मराठीत त्याचं ‘स्वमग्नता’ झालं. शब्द सुंदर आहे, पण त्यात एक निकाल आधीच देऊन टाकलेला आहे: हा माणूस स्वतःत बुडालेला आहे, तुमच्याशी त्याला देणंघेणं नाही. समोरच्याच्या दुःखाने ज्याच्या पोटात कालवाकालव होते, पण चेहऱ्यावर ते उमटत नाही, अशा माणसालाही आपण पहिल्या भेटीत स्वमग्न म्हणून मोकळे होतो. म्हणून या लेखात मी ‘ऑटिस्टिक’ हाच शब्द ठेवला आहे.

चेहऱ्याची नोंद पहिल्यापासून होत आली. मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५-२६ च्या सुमारास सहा मुलग्यांची बारकाईने वर्णनं लिहिली. त्यांत हावभावांचा अभाव हे एक ठळक लक्षण होतं. पुढे १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला. माणसांशी भावनिक संपर्क जोडण्याची जी क्षमता इतरांना जन्मतः मिळते ती या मुलांना मिळालेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो जगभर गेला. पण त्याच निबंधात मुलांच्या चेहऱ्यांबद्दल एक निरीक्षण आहे, जे फारसं कुणी उचललं नाही. माणसांत असताना या मुलांचे चेहरे गंभीर, ताणलेले दिसतात, आणि आपल्या आवडत्या वस्तूंबरोबर एकटी असली की त्यांच्या चेहऱ्यावर शांत हसू पसरतं, तोंडाने गुणगुणणं चालू असतं, असं कॅनर लिहितात. म्हणजे हसू होतं. त्या मुलांकडे टक लावून पाहणारं कुणी जवळ नसलं की ते दिसत होतं.

व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांच्या १९४४ च्या निबंधाचंही असंच झालं. हावभाव तोकडे, नजर कुठेतरी शून्यात, हे त्यांनी लिहिलं. पण वॉर्डात दाखल केलेल्या याच मुलांना घरची ओढ इतरांपेक्षा किती तीव्रपणे छळत असे, हेही त्यांनीच नोंदवलं, आणि या मुलांच्या भावनांचा प्रश्न ‘भावनांचं दारिद्र्य’ म्हणून सुटणारा नाही, असा इशारा दिला. (याच आस्परगर यांनी नाझींच्या बालहत्येच्या यंत्रणेला साथ दिल्याचं इतिहासकार हेर्विग चेक यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी मांडलं. त्यांचं नाव घेताना ते विसरता येत नाही.) जर्मनमधला हा निबंध १९८१ मध्ये लोर्ना विंग यांनी त्याची ओळख करून देईपर्यंत इंग्रजी जगाला जवळजवळ अपरिचितच होता. तोवर बराच उशीर झाला होता. दरम्यान १९६७ मध्ये शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी ऑटिस्टिक मुलांवर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘रिकामा किल्ला’. तट उंच आणि आत कुणी नाही. त्यातला आयांना दोष देणारा सिद्धांत पुढे मोडीत निघाला, पण रिकाम्या किल्ल्याची ती प्रतिमा लोकांच्या मनातून गेली नाही.

चेहरा आणि भावना यांची इतकी घट्ट गाठ बसली त्याला आणखी एक कारण आहे. डार्विन यांच्यापासून एक विचार चालत आलेला होता की भावनांचे हावभाव माणसाला उपजत असतात. अमेरिकेच्या पॉल एकमन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून राग, भीती, आनंद वगैरे मूळ भावना जगभर सारख्याच दिसतात, असं मांडलं. पुढे चाचण्यांत अशाच फोटोंचा वापर रूढ झाला. फोटोतला चेहरा म्हणजे प्रमाण मराठी आणि बाकी सगळ्या बोली अशुद्ध, असा तो प्रकार होता. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेऊन सांगितलं की चिडलेला प्रत्येक माणूस कपाळाला आठ्या घालतोच असं नाही, आणि आठ्या घालणारा प्रत्येक माणूस चिडलेला असतोच असंही नाही. हे तर ऑटिझम नसलेल्या माणसांबद्दल.

लंडनच्या सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये बाहुल्यांचा तो गाजलेला प्रयोग केला. एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून जाते, दुसरी ती डब्यात हलवते. पहिली परत आली की गोटी कुठे शोधेल? २० पैकी १६ ऑटिस्टिक मुलांचं उत्तर चुकलं: टोपलीऐवजी त्यांनी डबा दाखवला. त्यावरून दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ऑटिस्टिक माणसाला ओळखता येत नाही, हा सिद्धांत उभा राहिला. नंतर प्रौढांसाठी ‘डोळ्यांवरून मन ओळखा’ ही चाचणी आली. २००१ च्या सुधारित चाचणीत डोळ्यांचे ३६ फोटो होते आणि प्रत्येकासाठी चार शब्दांतून एक निवडायचा होता. या सगळ्या प्रयोगांत परीक्षेला बसलेला माणूस नेहमी एकच असायचा. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे चेहरे वाचता येतात का, हे शेकडो वेळा तपासलं गेलं. इतरांना त्याचा चेहरा वाचता येतो का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. १९८९ मध्ये हेलन मॅकडोनाल्ड, मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांच्या चेहऱ्यांचे फोटो इतरांना दाखवले होते. हावभाव विचित्र वाटतात, ओळखू येत नाहीत, असा शेरा मिळाला. ओळखणाऱ्यांचं काही चुकत असेल, ही शंका तेव्हा पुढे गेली नाही.

ती शंका मांडली ऑटिस्टिक माणसांनी. जिम सिंक्लेअर १९९३ मध्ये टोरोंटोच्या परिषदेत पालकांसमोर बोलले, त्याचं सार असं होतं: तुम्ही हाक मारता आणि तुमच्या ओळखीचं उत्तर येत नाही, म्हणून इथे कुणी नाही असं समजू नका. समोरचा वेगळ्या भाषेत बोलतो आहे, आणि ती शिकण्याचे कष्ट दोघांनी घ्यायचे आहेत. पुढे २०१२ मध्ये इंग्लंडचे समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी याला ‘दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न’ असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. दोन वेगळ्या घडणीची माणसं भेटतात तेव्हा एकमेकांना न समजणं दोन्ही बाजूंनी घडतं. दोष मात्र एकाच्याच फायलीत लिहिला जातो, कारण फाईल लिहिणारा दुसऱ्या बाजूचा असतो.

त्यानंतरची काही वर्षं मला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटतात. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या एलिझाबेथ शेपर्ड आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा प्रयोग घ्या. ऑटिस्टिक आणि इतर माणसांना कधी विनोद सांगितला, कधी त्यांचं कौतुक केलं, कधी ताटकळत ठेवलं, कधी स्वतःच्या अडचणींचा पाढा वाचला, आणि त्यांच्या नकळत चेहऱ्यांचं चित्रण केलं. मग दुसऱ्यांना विचारलं, या माणसाबरोबर आत्ता काय घडलं? ऑटिस्टिक चेहऱ्यांबाबत प्रेक्षकांचे अंदाज जास्त चुकले. पण चेहरा किती बोलका आहे याला गुण द्यायला सांगितलं तेव्हा दोन्ही गटांना सारखेच गुण मिळाले. चेहरे बोलत होते. ऐकणाऱ्याला ती बोली येत नव्हती.

त्याच वर्षी लंडनच्या रिबेका ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गुंता समोर आणला. ऑटिस्टिक माणसांनी मुद्दाम केलेले हावभाव ऑटिस्टिक प्रेक्षकांनाही नीट ओळखता आले नाहीत. म्हणजे सगळ्या ऑटिस्टिक लोकांची एकच सामाईक बोली आहे, असंही नाही. प्रत्येक घरची वेगळी. ज्याला हे चेहरे वाचायचे आहेत त्याला त्या एका माणसाबरोबर वेळ घालवण्यावाचून गत्यंतर नाही. २०१८ मध्ये डॉमिनिक ट्रेव्हिसन आणि सहकाऱ्यांनी ३७ अभ्यास एकत्र तपासले: ऑटिस्टिक माणसांचे हावभाव कमी वेळा आणि कमी काळ दिसतात, समोरच्याची नक्कल म्हणून ते आपोआप उमटण्याचं प्रमाण कमी असतं, पण जेव्हा दिसतात तेव्हा त्यांची तीव्रता कमी नसते. आपण हसलो की समोरचा हसतो, हा आपल्याकडचा साधा शिष्टाचार. तो पाळला गेला नाही की माणूस तुटक ठरतो.

किती लवकर ठरतो, हे टेक्सासच्या नोआ सॅसन यांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसतं. काही सेकंदांची चित्रफीत पाहून विद्यार्थ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांना कमी आवडण्याजोगं ठरवलं, त्यांच्याशेजारी बसायला, बोलायला ते कमी तयार होते. नुसता आवाज ऐकवला, नुसता फोटो दाखवला, तरी तेच. बोललेले शब्द तेवढे कागदावर लिहून दिले, तेव्हा मात्र हा फरक नाहीसा झाला. नोकरीच्या मुलाखतीत ‘उत्तरं बरोबर होती पण माणूस काही पटला नाही’ असा शेरा ज्यांना मिळत आला आहे, त्यांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा.

पोलीस चौकशीत याच न पटण्याची किंमत आणखी वाढते. ऑस्ट्रेलियाच्या अलिझा लिम, रॉबिन यंग आणि नील ब्रूअर यांनी ३० ऑटिस्टिक आणि २९ इतर प्रौढांच्या मुलाखती १,४१० लोकांना दाखवल्या. प्रत्येकाने एकच मुलाखत पाहायची आणि चोरीच्या संशयाबाबत हा माणूस खरं बोलतोय का ते सांगायचं. ऑटिस्टिक माणसं जास्त खोटारडी वाटली. संशोधकांना वाटलं होतं की नजर टाळणं, हातपाय हलवत राहणं, सपाट चेहरा अशी पाच लक्षणं याला कारणीभूत असतील. पण त्यांतल्या कशानेही हा फरक उलगडला नाही. एकूण वावर वेगळा वाटला, तेवढंच पुरलं. नजरेला नजर द्यायला शिकवणाऱ्या वर्गांनी हा प्रश्न कितपत सुटेल, याची मला शंका आहे.

या इतिहासाची एक फांदी आपल्याकडेही पोचते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली ४० कलमांची ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’ ही मोजपट्टी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जात आली आहे. तीत नजर न देणं आहे, हसण्याला हसून उत्तर न देणं आहे, आणि प्रसंगाला न शोभणारी किंवा अतिरंजित भावना दाखवणं हेही आहे. कशाला काय शोभतं, हे टेबलापलीकडे बसलेला माणूस ठरवतो. प्रमाणपत्र गरजेचं आहे, त्यातून हक्क मिळतात, म्हणून ही मोजपट्टी टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. पण कॅनर यांचा १९४३ चा चष्मा तिच्यातही आहे.

सगळाच घोळ पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, असंही नाही. स्वतःला काय वाटतंय हे शब्दांत सांगता न येण्याला १९७० च्या दशकात पीटर सिफनिओस यांनी ‘अ‍ॅलेक्सिथायमिया’ हे नाव दिलं. ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांना तो त्रास असतो. उरलेल्या निम्म्यांना मात्र नसतो, आणि हा भेद केला नाही की सगळ्यांनाच भावनाशून्य ठरवलं जातं. दुसरीकडे कित्येक जण, विशेषतः बायका, आरशासमोर सराव करून योग्य वेळी योग्य हसू आणायला शिकतात. मग ‘तू तर अजिबात ऑटिस्टिक वाटत नाहीस’ असं ऐकावं लागतं. हे मुखवटे चढवण्याचं प्रमाण आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध सारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिला.

मिल्टन यांची मांडणीही अजून तपासली जाते आहे. एडिंबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी २०२० मध्ये कानगोष्टीसारखा प्रयोग केला: निरोप एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचा. ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत तो इतर साखळ्यांइतकाच टिकला, मिश्र साखळीत जास्त गळाला. २०२५ मध्ये ३११ जणांवर तोच प्रयोग केला तेव्हा मिश्र साखळीतही निरोप तितकाच पोचला. मिल्टन यांना पाठिंबा देणाऱ्यांसाठी हा निकाल अडचणीचा आहे, पण ऑटिस्टिक माणसाला निरोपच पोचवता येत नाही, या जुन्या समजुतीला तर तो आणखीच अडचणीचा आहे.

आता चेहरे वाचायला यंत्रं आली आहेत. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणाली वापरायला बंदी घातली, ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. वैद्यकीय वापर त्या बंदीतून वगळलेला आहे आणि पोलीस चौकशीही तिच्या कक्षेबाहेर आहे.