आयसोअमाइल ॲसिटेट

पिकल्या केळ्याच्या वासाला ओळख देणारा सेंद्रिय एस्टर, म्हणजे आम्ल व अल्कोहोल यांच्या संयोगातून बनणारे संयुग. रंगहीन, पाण्याहून हलका आणि चटकन पेट घेणारा द्रव. उत्कलनबिंदू सुमारे १४२° से. रेणूत कार्बनचे ७, हायड्रोजनचे १४ व ऑक्सिजनचे २ अणू असतात. गोळ्या, आइस्क्रीम, सरबते यांत तो लेशमात्र घालतात. लॅकरसाठी (चकचकीत लेपासाठी) द्रावक म्हणूनही तो वापरतात.

आयसोअमाइल अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्ल थोड्या सल्फ्युरिक आम्लासह तापवले की एस्टर व पाणी तयार होते. ही पद्धत फिशर व श्पायर या रसायनतज्ज्ञांनी १८९५ मध्ये मांडली. अभिक्रिया उलटही फिरते, म्हणून स्वस्त असलेले ॲसिटिक आम्ल मुद्दाम जास्त घेतात. उरलेले आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुताना, तोटी असलेल्या बंद नरसाळ्यात वायू फसफसून दाब वाढतो. तोटी वरचेवर उघडून तो सोडावाच लागतो. एस्टरचा थर वर तरंगतो. आंबट, नाकात झोंबणारा वास हटून केळ्याचा वास येऊ लागतो, तो क्षण रसायनशास्त्राची गोडी लावणारा असतो.

लागणारे अल्कोहोल मद्यार्क गाळताना मागे राहणाऱ्या फ्यूझेल तेलातून मिळते. मद्यार्काशी बडोद्याचा संबंध जुना. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन हे तांत्रिक शिक्षणाचे विद्यालय निघाले. ते उभारणारे रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर पुढे १९०७ मध्ये अलेंबिक या कारखान्याच्या स्थापनेतही होते. तिथे सुरुवातीला अल्कोहोल आणि टिंक्चरे (अल्कोहोलमधले औषधी अर्क) बनत. प्रयोगशाळेतून कारखान्याकडे जाणारी ही वाट बडोद्याच्या इतिहासातली मोलाची गोष्ट आहे.

खऱ्या केळ्यात मात्र हा एस्टर एकटा नसतो. ब्युटिरेट वर्गातले एस्टर आणि लवंगेतले युजेनॉलही त्यात असते. त्यामुळे नुसत्या इसेन्सचा वास एकसुरी वाटतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात शिकरण करताना साल काळे ठिपके पडेपर्यंत थांबतात, ते योग्यच. पिकताना हे सगळे वास फळात आपोआप तयार होतात आणि बाटलीची गरज पडत नाही.

मधमाशीच्या नांगीजवळूनही हाच पदार्थ धोक्याचा इशारा म्हणून सुटतो. १९६२ मध्ये तो ओळखला गेला. पोळ्याजवळ जाताना त्याचा वास अंगाला वा कपड्यांना नसावा.