आठ लाख दोन्हीकडे, पण मोजणी वेगळी: ईडब्ल्यूएस आणि नॉन-क्रीमी लेयर

एप्रिल लागला की इंदूरच्या लोकसेवा केंद्रांवर बारावीच्या मुलांच्या आई-बाबांची गर्दी सुरू होते. समग्र आयडी, आधार, पगाराची स्लिप, सगळं फायलीत. आणि प्रश्न हमखास एकच: "उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तर कोणता दाखला काढू?"

उत्पन्नाचं नंतर बघू, आधी जात बघायची. जात ओबीसीच्या यादीत असेल तर नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे ओबीसींतल्या पुढारलेल्या, संपन्न थरात (क्रीमी लेयरमध्ये) आपण नाही असा दाखला. एससी, एसटी, ओबीसी यांपैकी कुठल्याच यादीत नसेल तरच ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला. दोन्हींतला सोयीचा निवडता येत नाही.

आपल्या मराठी घरांत पहिला घोळ इथेच होतो, कारण सल्ला पुण्याहून येतो. आत्या फोनवर सांगते, "आमच्याकडे मराठ्यांना 10 टक्के मिळालंय, तुम्हीही एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचा दाखला) काढून टाका." हे 10 टक्के देणारा 2024 चा कायदा महाराष्ट्रापुरता आहे. पिढ्यानपिढ्या इंदुरात राहिलेल्या, खुल्या प्रवर्गातल्या मराठा कुटुंबाला त्याचा उपयोग नाही. त्यांनी ईडब्ल्यूएसच बघायचं. धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो, मध्य प्रदेशात ओबीसीत. शिवाय राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. आयआयटी इंदूरला केंद्राची चालते, देवी अहिल्या विद्यापीठाला राज्याची.

आता ते आठ लाख. ओबीसींसाठी ही मर्यादा 2017 पासून आहे, ईडब्ल्यूएससाठी 2019 पासून, म्हणजे हे आरक्षण आणणारी 103 वी घटनादुरुस्ती झाली तेव्हापासून. आकडा तोच, पण त्यात काय मोजायचं ते पार निराळं.

समजा, एकाच सरकारी कचेरीत शेजारी शेजारी बसणारे दोन कारकून आहेत. दोघांचा पगार वर्षाला नऊ लाख, दोघांच्या घरी दुसरी कमाई नाही. एक ओबीसी, दुसरा खुल्या प्रवर्गातला. पहिल्याच्या मुलीला नॉन-क्रीमी लेयरचा दाखला मिळतो, कारण तिथे आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न आठ लाखांत धरतच नाहीत. सरकारी नोकराच्या बाबतीत आधी हुद्दा बघतात: आई किंवा वडील थेट वर्ग एकमध्ये लागलेले असले, की मूल क्रीमी लेयरमध्ये गेलं. बाकी उत्पन्नामुळे मूल क्रीमी लेयरमध्ये जायला ते आठ लाखांच्या वर सलग तीन वर्षं असावं लागतं. दुसऱ्या कारकुनाच्या मुलीला मात्र ईडब्ल्यूएस मिळत नाही. तिथे पगार, शेती, धंदा, सगळं एकत्र करतात, तेही एकाच म्हणजे मागच्या आर्थिक वर्षाचं. (खासगी नोकरीतल्या पगाराचं ओबीसींच्या बाबतीत कसं धरायचं, यावर बरेच वाद झालेत, तिथे तहसीलमध्ये विचारूनच पुढे जा.)

कुटुंबाची व्याख्याही वेगळी. ईडब्ल्यूएसमध्ये विद्यार्थी, आई-वडील आणि अठरा वर्षांखालची भावंडं येतात; विद्यार्थ्याचं लग्न झालेलं असेल तर जोडीदार आणि लहान मुलंही. मोठा भाऊ पुण्यात आयटीत गलेलठ्ठ पगार घेत असला तरी तो यात येत नाही. पुष्कळ लोक उगीच त्याचा पगारही उत्पन्नात धरून, अर्जच न करता घरी बसतात.

ईडब्ल्यूएसला मालमत्तेची अटही आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात अन्यायाची. केंद्राच्या नियमानुसार पाच एकर किंवा जास्त शेती, 1000 चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट, अधिसूचित शहरी हद्दीत 100 चौरस यार्ड किंवा मोठा निवासी प्लॉट, यांतलं एक जरी असलं तरी दाखला नाही. आजोबांनी स्वस्ताईत घेऊन ठेवलेला असा प्लॉट आता वडिलांच्या नावावर आहे, ते दुकानात हिशेब लिहितात, वर्षाला चार लाखसुद्धा येत नाहीत; तरी मूल बाद. केंद्राने नेमलेल्या समितीने 2021 च्या अखेरीस घर-प्लॉटची अट काढावी असं सुचवलं होतं, पण दाखल्याच्या नमुन्यात ती आहेच. राज्याच्या ईडब्ल्यूएसची मापं आणखी निराळी असल्याने भोपाळचा नमुना दिल्लीला चालेल असं धरू नका.

मिळतं काय? केंद्रीय संस्थांत ओबीसींना 27 टक्के जागा, ईडब्ल्यूएसला 10. नीटमध्ये ओबीसीला पात्रतेसाठी 40 पर्सेंटाइल पुरतात, ईडब्ल्यूएसला खुल्या प्रवर्गाइतकेच 50 लागतात.

फी मात्र दोन्हींपैकी कुठल्याच दाखल्याने आपोआप कमी होत नाही. मेस-होस्टेलचं बिल तर नाहीच. आयआयटीत ट्यूशन फीची सवलत कुटुंबाच्या उत्पन्नावर मिळते: एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, एक ते पाच लाख असेल तर दोन तृतीयांश. खुला, ओबीसी, ईडब्ल्यूएस, तिघांनाही सारखीच. मध्य प्रदेशची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना गुणांवर आणि उत्पन्नावर चालते, राज्य मंडळात बारावीला 70 टक्के किंवा सीबीएसईत 85 हवेत. या सगळ्यांचे अर्ज वेगळे भरायचे.

तारखेचं तेवढं सांभाळा. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला दोन्ही दाखले त्याच वर्षीच्या 1 एप्रिलचे किंवा त्यानंतरचे लागतात. मार्चमध्ये धावपळ करून काढलेला दाखला तिथे चालत नाही.