डेस्कटॉप आयकॉनची अक्षरं

कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर आयकॉनच्या खाली, काही ठिकाणी बाजूला, फाइलचं किंवा प्रोग्रामचं जे नाव दिसतं त्याला लेबल म्हणतात. विंडोजच्या जुन्या भाषेत ते 'आयकॉन टायटल' होतं आणि प्रोग्रामर लोकांच्या फंक्शनांच्या नावांत तो शब्द अजून शिल्लक आहे. ही अक्षरं नीट वाचता यावीत म्हणून जे काही करतात, म्हणजे आकार वाढवणं, फॉन्ट बदलणं, मागे पट्टी किंवा सावली देणं, वॉलपेपर साधा ठेवणं, ते सगळं या नोंदीत आलंय. चष्म्याचा नंबर हा विषय वेगळा.

इथली अडचण इतर अक्षरांसारखी नाही. टायपिंगच्या प्रोग्राममधे अक्षरामागे बहुतेक वेळा पांढरा कागद असतो आणि ते प्रोग्रामला माहीत असतं. डेस्कटॉपवर मागे काय येणार ते वापरणारा ठरवतो, आणि तो बाळाचा फोटो लावतो, रायगड लावतो, गणपती लावतो, त्यामुळे एकाच लेबलचं अर्धं अक्षर काळ्या कातळावर आणि अर्धं पांढऱ्या ढगावर पडू शकतं. म्हणून अक्षर किती मोठं यापेक्षा त्याच्या मागे काय आहे हा प्रश्न जुना आहे आणि प्रस्तुत नोंदकाराच्या मते जास्त महत्त्वाचाही आहे, जरी लोक आधी आकारच वाढवायला जातात.

कॉम्प्युटरच्या संदर्भात 'आयकॉन' हा शब्द डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनी १९७५ च्या आपल्या प्रबंधात रूढ केला असं सहसा मानलं जातं. ते पुढे झेरॉक्स कंपनीच्या स्टार या कॉम्प्युटरवर काम करत होते, जो १९८१ मधे बाजारात आला. स्टारवर नाव बहुतेक वेळा चिन्हाच्या आतच, चौकटीत लिहिलेलं असायचं, त्यामुळे मागच्या रंगाचा प्रश्न फारसा आला नसावा. नाव खाली घेण्याची पद्धत ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) यांच्यामुळे पसरली असं म्हणायला हरकत नाही. मॅकिंटॉशचा डेस्कटॉप काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या जाळीतून करडा दिसायचा आणि त्या जाळीवर अक्षर टिकणार नाही म्हणून प्रत्येक नावामागे पांढरी पट्टी असायची, आणि त्यावर ॲपलच्या डिझायनर सुझान केअर यांनी एकेक ठिपका बसवून काढलेला जिनीव्हा फॉन्ट. म्हणजे अक्षरामागे पट्टी हा उपाय पहिल्या पिढीपासून आहे, नंतरच्यांनी तो सोडला आणि परत शोधला.

विंडोज ३.१ (१९९२) मधे कंट्रोल पॅनेलमधल्या डेस्कटॉपच्या खिडकीत आयकॉनमधलं अंतर ७५ पिक्सेल आणि नाव दोन ओळींत मोडायचं की नाही अशी एक खूण, एवढंच हातात होतं. हा ७५ चा आकडा फार चिवट निघाला. पुढच्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग साठवायच्या कोठारात, विंडोमेट्रिक्स नावाच्या कप्प्यात, आयकॉनस्पेसिंगची किंमत उणे ११२५ अशी दिसते आणि लोक घाबरतात, पण हिशोब सोपा आहे, एका इंचाचे १४४० ट्विप, स्क्रीनचे इंचाला ९६ पिक्सेल धरलेले, म्हणजे एका पिक्सेलला १५ ट्विप, आणि ७५ गुणिले १५ बरोबर ११२५. उणे चिन्ह म्हणजे आकडा ट्विपमधे आहे एवढीच खूण. हे अंतर वाढवलं की लांब नाव कमी मोडतं, शेवटी तीन टिंबं येऊन ते तुटणंही कमी होतं, म्हणून आकार न वाढवता वाचनीयता वाढवायची असेल तर ही जागा बघावी. त्याच कप्प्यात आयकॉनफॉन्ट नावाची नोंद पण असते, पण ती बायनरीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या आकड्यांत, हाताने बदलायच्या भानगडीत न पडलेलं बरं.

विंडोज ९५ पासून २००० पर्यंत लेबलमागे डेस्कटॉपच्या रंगाचा भरीव चौकोन असायचा आणि तो रंग गडद की फिका ते बघून अक्षर पांढरं किंवा काळं व्हायचं. तेव्हाच्या ठरलेल्या हिरवट निळ्या रंगावर (लाल ०, हिरवा १२८, निळा १२८) पांढऱ्या अक्षराचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, आजच्या सूत्राने काढलं तर साधारण ४.८ ला १ येतं. हे सूत्र वेबपानं सगळ्यांना वाचता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.० या २००८ च्या मार्गदर्शिकेतलं, आणि साध्या आकाराच्या मजकुरासाठी तिच्यात ४.५ ला १ ही किमान पायरी आहे, म्हणजे ९५ चा तो कंटाळवाणा रंग काठावर का होईना पास होतो. वॉलपेपर लावला की मात्र फोटोवर रंगीत चौकोनांची ठिगळं दिसायची, लोकांना ते आवडायचं नाही, आणि चौकोन पारदर्शक करणारे छोटे प्रोग्राम फिरू लागले. ठिगळं गेली आणि वाचणंही गेलं.

विंडोज एक्सपीने (२००१) चौकोन काढून पांढऱ्या अक्षराला काळी सावली दिली आणि तीच रीत पुढे राहिली. ही सेटिंग सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, व्हिज्युअल इफेक्ट्स इतक्या आत आहे की सहज सापडत नाही. गंमत म्हणजे ती नकळत बंद मात्र सहज होते. जुना पीसी फास्ट करायचा म्हणून कोणीतरी 'बेस्ट परफॉर्मन्स' वर क्लिक करतो, सगळ्या खुणा एकदम जातात, त्यात लेबलची सावलीही जाते, आणि मग महिनाभराने मॉनिटर खराब झाला म्हणून ओरड. सावलीचीही मर्यादा आहे, गर्दीच्या फोटोवर ती पुरत नाही. मग एकरंगी, मध्यम ते गडद वॉलपेपर हाच उपाय उरतो, किंवा आयकॉन पडतात ती डावी बाजू तरी शांत असलेला फोटो.

आकाराबद्दल थोडक्यात. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की अक्षरं मोठी होतात हा गैरसमज फार आहे, मोठे होतात ते फक्त आयकॉन. विंडोज ७ पर्यंत आयकॉनच्या अक्षरांपुरता वेगळा फॉन्ट आणि आकार निवडता यायचा, ८ मधे फॉन्टची निवड गेली पण आकार राहिला, आणि विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीत तोही काढला. २०१८ च्या १८०९ आवृत्तीत १०० ते २२५ टक्क्यांची सरकपट्टी आली, पण ती सगळीकडची अक्षरं एकदम वाढवते. स्केलिंग वेगळं, त्यात सगळंच मोठं होतं. रिझोल्यूशन कमी करून अक्षर मोठं करायचा जुना उपाय सपाट मॉनिटरवर करू नये, अक्षर मोठं होतं पण पुसट होतं. डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की हाय कॉन्ट्रास्ट, म्हणजे मोजक्या ठळक रंगांचा स्क्रीन, चालू होतं, कमी दिसणाऱ्यांसाठी हा सगळ्यात जलद मार्ग.

अक्षराच्या कडा गुळगुळीत करण्याच्या क्लिअरटाइप या तंत्राचा उगम वादाचा आहे. एलसीडीचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या, निळ्या अशा तीन पट्ट्यांचा असतो, त्या पट्ट्या सुट्या वापरल्या तर आडवी बारकाई वाढते, ही मूळ कल्पना. मायक्रोसॉफ्टने १९९८ च्या नोव्हेंबरमधे कॉमडेक्स प्रदर्शनात ती जाहीर केली. लगेच स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रामरने दावा केला की ॲपल २ या कॉम्प्युटरमधे ॲपलचे सहसंस्थापक वॉझ्नियाक यांनी हेच सत्तरच्या दशकात केलं होतं, आणि वॉझ्नियाक यांना १९७९ मधे मिळालेल्या पेटंटकडे बोट दाखवलं. दुसरीकडे आयबीएमच्या संशोधकांनी १९८८ च्या सुमाराला रंगीत पॅनेलच्या उपपिक्सेलवर काम केलेलं होतं. ॲपल २ ची युक्ती टीव्हीच्या रंगसंकेतावर बेतलेली, तिथे पिक्सेलला पट्ट्याच नव्हत्या, त्यामुळे ती चुलत भावंड म्हणावी, आई नव्हे, आणि आयबीएमचं काम जास्त जवळचं वाटतं. रंगीत झालर दिसू नये म्हणून करायचं गाळणीचं गणित मात्र मायक्रोसॉफ्टचं, याबद्दल फारसं दुमत नसावं. एक्सपीत हे होतं पण बंद, व्हिस्टापासून आपोआप चालू.

देवनागरी लेबलची गोष्ट निराळी. युनिकोडच्या आधी डीटीपीवाले मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत करायचे, पण फाइलचं नाव रोमनमधेच द्यावं लागायचं, कारण लेबलचा फॉन्ट सगळ्या आयकॉनना एकच. तो बदलून मराठी केला तर मराठी नावं दिसतील पण 'माय कॉम्प्युटर' चा चिवडा होईल. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला, रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला, आणि पहिल्यांदा आयकॉनखाली 'सातबारा' असं सरळ लिहिता आलं. एक्सपीत मात्र त्यासाठी आधी सीडी घालून कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या, म्हणजे देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांच्या, फाइली टाकाव्या लागायच्या.

पण तेव्हाच्या लेबलचा आकार ८ पॉइंट, ९६ च्या हिशोबाने जेमतेम ११ पिक्सेल. रोमन अक्षर तेवढ्यात बसतं. देवनागरीला शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, मधे उरलेल्या सहासात पिक्सेलांत 'कर्तृत्व' बसवून दाखवा. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा, ती फट या आकारात बुजते आणि मग नाव वाचलं जात नाही, ओळखलं जातं. व्हिस्टापासून लेबल ९ पॉइंटचं झालं, विंडोज ८ मधे (२०१२) निर्मला यूआय आला, त्याने रेषा बऱ्याच मोकळ्या झाल्या, तरी मराठी नावं ठेवणाऱ्याने अक्षरं किमान १२५ टक्के ठेवावीत असं सुचवावंसं वाटतं. नाव लहान ठेवावं हेही तितकंच खरं, 'ग्रामपंचायत ठराव अंतिम दुरुस्त' यातलं 'दुरुस्त' तीन टिंबांत गेलं तर कुठली प्रत खरी ते कळत नाही.

मॅकवर डेस्कटॉपवर क्लिक करून कमांड आणि जे दाबलं की अक्षराचा आकार १० ते १६ निवडता येतो आणि लेबल उजवीकडेही नेता येतं, बाजूच्या लेबलला लांब नावासाठी जास्त जागा मिळते. लिनक्समधे डेस्कटॉपचे वेगवेगळे प्रकार मिळतात, त्यातल्या एक्सएफसीईत आयकॉनच्या अक्षराला स्वतंत्र आकार देता येतो, केडीईत नावाला किती ओळी द्यायच्या ते ठरवता येतं. ग्नोम या तिसऱ्या प्रकाराच्या फाइल मॅनेजरने २०१८ मधल्या ३.२८ आवृत्तीत डेस्कटॉपवर आयकॉन दाखवणंच बंद केलं, हवे असतील तर एक्स्टेन्शन टाकावं लागतं.