शेंगदाण्याचा वास आणि विसराळूपणा

‘डाव्या नाकपुडीला शेंगदाण्याचा वास आला नाही, तर स्मृतिभ्रंश सुरू झाला,’ असा निरोप वर्षानुवर्षे फिरतोय. मूळ आहे 2013 सालच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात. रुग्णांच्या डाव्या नाकपुडीला उजवीपेक्षा कमी वास येतो, असं त्यात दिसलं होतं. पुढे दुसऱ्यांनी पडताळला तेव्हा डाव्या-उजव्याचा तो फरक सापडला नाही.

निरोपात तथ्याचा अंश मात्र आहे. अल्झायमर किंवा पार्किन्सनमध्ये गंधाशी संबंधित मेंदूचे भाग लवकर बाधित होतात, कधी विस्मरणाच्या आधीच. पण उलटं खरं नाही. सर्दी, सायनस, नाकात वाढलेलं मांस, तंबाखू, डोक्याला मार, नुसतं वय, यांनीही वास जातो. वास गेलेल्या बहुतेकांना स्मृतिभ्रंश नसतो.

घरी पाहायचं तर सर्दी नसताना, डोळे मिटून, चहापूड किंवा लिंबाची साल ओळखा. खान्देशात मिरचीच्या फोडणीवर भरवसा नको: ठसका वेगळ्या मज्जातंतूमुळे लागतो, वास गेला तरी लागतो! भरिताची वांगी काड्यांवर भाजतानाचा धुरकट गंध आला का, ते विचारा.

काही आठवडे वास नसेल तर आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर. सोबत रोजचे व्यवहार, रस्ते, नावं चुकत असतील, तर तेही सांगा. आणि गॅसगळतीचा वास घरातल्या दुसऱ्या कुणाला येतोय ना, तेवढं बघा.