स्तनपुनर्रचना लगेच की नंतर, हा प्रश्न आला कुठून?

कर्करोगामुळे स्तन काढायचं ठरलं की दुसरा निर्णय लगेच पुढ्यात येतो. नवा स्तन त्याच शस्त्रक्रियेत घडवायचा, की थांबायचं? 'थांबा' या सल्ल्याला मोठा इतिहास आहे, आणि तो माहीत असला की डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता येतात.

अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये ५० रुग्णांचा अहवाल मांडला. त्यांच्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीका ग्रंथीही काढत. ती जागा भरून काढायला त्यांचा विरोध होता, कारण वर कातडी आणून बसवली तर खाली उलटलेला रोग दिसणार नाही अशी भीती होती. इटलीत इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीचा रुंद स्नायू कातडीसकट पुढे वळवून ही जखम झाकली होती. पण ती युक्ती मागे पडली आणि थेट १९७०च्या दशकात पुन्हा वर आली.

मधल्या काळात सिलिकॉन इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली बसवायचा कृत्रिम स्तन, आलं (१९६२), पण ते बसवायला कातडी पुरेशी हवी. हा पेच सर्जन रादोव्हान यांच्या एक्स्पांडरने, म्हणजे कातडी ताणणाऱ्या पिशवीने, सोडवला. स्नायूखाली रिकामी पिशवी ठेवायची आणि कातडीखालच्या छोट्या झडपेत सुई घालून दर एक-दोन आठवड्यांनी थोडं सलाइन भरायचं. प्रत्येक वेळी छातीवर ताण येतो, एखाद-दोन दिवस ठणकतं, मग कातडी सैलावते. पुरेशी जागा झाली की पिशवी काढून इम्प्लांट. १९८२ मध्ये हे तंत्र छापून आलं. त्याच वर्षी सर्जन हार्ट्रँफ यांनी ओटीपोटाची कातडी आणि चरबी स्नायूसकट वर नेऊन स्तन घडवण्याची पद्धत मांडली. पुढे स्नायू जागच्या जागी ठेवून फक्त कातडी-चरबी नेऊन तिच्या बारीक रक्तवाहिन्या छातीत सूक्ष्मदर्शकाखाली जोडता येऊ लागल्या. पोटाची ताकद त्यामुळे बरीच वाचते.

तरीही पूर्वी अनेकींना वर्ष-दोन वर्षं थांबवत. रोग उलटतो का ते पाहायचं, हे एक कारण. दुसरं मला आजही खुपतं: सपाट छातीने काही दिवस काढले की नव्या स्तनाची किंमत कळेल, असं काही सर्जन मानत. पुनर्रचनेमुळे रोग उलटण्याचं प्रमाण वाढत नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसत गेलं. १९९१ मध्ये स्तनावरची बहुतेक कातडी राखून आतलंच काढण्याची पद्धत मांडली गेली आणि लगेच केलेली पुनर्रचना अधिक नैसर्गिक दिसू लागली.

आज थांबायचं मुख्य कारण रेडिएशन. त्याने ऊती आखडतात, इम्प्लांटभोवतीचं आवरण कडक होऊन दुखू शकतं, आणि स्वतःच्या ऊतींचा स्तनही आक्रसू शकतो. रेडिएशन लागेल की नाही, हे कधीकधी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावरच पक्कं होतं. म्हणून काही ठिकाणी आधी एक्स्पांडर ठेवून कातडीची जागा राखतात आणि रिपोर्टनंतर पुढचं ठरवतात. रेडिएशननंतर पुनर्रचना करायची तर सहसा काही महिने जाऊ देतात, आणि तेव्हा स्वतःच्या ऊतींकडे कल जास्त असतो. धूम्रपान किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल तर जखम भरायला त्रास होतो, तेही वेळ ठरवताना धरावं लागतं.

पुनर्रचना न करता छाती नीट, सपाट शिवून घेणं हाही पूर्ण पर्याय आहे. तो मागायला संकोच नको. तेव्हा नको म्हटलेली बाई पाच-दहा वर्षांनी येऊन स्तन घडवून घेऊ शकते.